शनिवारी दोन ते चार

उदगीरच्या बसस्टँडसमोर, झेरॉक्सच्या दुकानावर
जिना चढून आलं की माझी खोली.
पाटीवरच्या 'मार्गदर्शन'चा रफार
मागच्या दिवाळीत उडाला,
तेव्हापासून नुसतंच मागदर्शन.
कुणी हसत नाही.
हसायच्या वयातली पोरं येतात
आणि पाटीखालून मान घालून आत शिरतात.

मन्मथ एकटाच आला.
एरवी बाप आधी येतो, बाप बसतो,
खुर्च्या दोन असूनही पोरगं उभंच.
हा बसला. बॅग मांडीवर.
लातूरला दोन वर्षं. पहिल्या खेपेला तीनशे बारा,
दुसऱ्या खेपेला दोनशे शहाण्णव.
"उतरले," म्हणाला,
घरातल्या कुणाचा ताप उतरल्यासारखं.

मी कागद पुढे सरकवला. एकशेवीस प्रश्न,
पुण्याच्या कुठल्याशा कंपनीनं छापलेले.
यंत्र उघडायला आवडेल की फुलं रचायला?
समुद्रकाठी एकट्यानं चालायला की मित्रांत रमायला?
"समुद्र बघितलाच नाही. काय टिक करू?"
सोडून दे, मी म्हटलं.
"चुकलं तर मायनस आहे का?"

वडील मार्केट यार्डात मापाडी.
"अख्ख्या तालुक्याचं वजन केलं म्हणतात,
तुझंच काट्यावर बसंना."
हे त्यानं इतकं सपाट सांगितलं
की मी पाण्याचा ग्लास उगाच पुढे केला.

डोक्यावर पंखा कण्हत होता,
पाती मोजता यावीत इतका सावकाश.
वर न बघताच तो म्हणाला,
"कपॅसिटर बदला मॅडम. पात्यांना काही झालं नाही."

झालं!
या एका वाक्यासाठी तर मी
बारा वर्षं शनिवार धरून बसलेय.
इलेक्ट्रिशियन! आयटीआय! नाहीतर डिप्लोमा,
तिथून थेट दुसऱ्या वर्षाला!
ड्रॉवरमधली माहितीपत्रकं
टेबलभर पसरली मी, पत्त्यांसारखी,
डाव जिंकल्यासारखी.

त्यानं सगळी बघितली. नीट चळत केली.
"तसं नाही हो.
लातूरच्या खोलीतला पंखा असाच होता.
दोन वर्षं त्याच्याखाली उताणा पडून काढली.
तेवढंच शिकलोय."

खाली झेरॉक्सचं मशीन
कुणाचे तरी मार्कमेमो ओकत होतं.

मग त्यानं विचारलं,
"तुम्हाला कसं कळलं,
तुम्हाला हेच करायचंय म्हणून?"
हा प्रश्न एकशेवीसमध्ये नाही.
डी.एड. केलं. भरतीची वाट बघितली सात वर्षं.
भरती निघाली तेव्हा वय निघून गेलं होतं.
मग एका संस्थेचा पंधरा दिवसांचा कोर्स,
लॅमिनेट केलेलं सर्टिफिकेट, ही खोली.
यातलं काय सांगावं अठरा वर्षांच्या पोराला?
"कळलं नाही," मी म्हटलं. "अजून कळायलंच."
तो हसला. दात थोडे वाकडे होते,
इतका वेळ दिसले नव्हते.

चारला उतरून गेला.
खिडकीतून बघितलं तर स्टँडवर
एक म्हातारी गाठोडं घेऊन कर्नाटकाच्या बसपुढे उभी,
पाटी कन्नडमध्ये.
मन्मथनं वाचली, तिला सांगितली.
दुसऱ्या एकानं विचारलं, त्यालाही.
कंडक्टरशी काहीतरी बोलला त्यांच्याच भाषेत,
कंडक्टर मोठ्यांदा हसला.
आई भालकीकडची असणार.
आणि मी दोन तासांत
घरी काय बोलता, एवढंही विचारलं नव्हतं.

हात ड्रॉवरकडे गेला माझा.
मग तो तिथेच थांबवला.
निष्कर्षाच्या रकान्यात लिहिलं:
पुढच्या शनिवारी.

भालकीची गाडी सुटली, म्हातारी खिडकीत.
तो खालीच होता अजून,
पुढच्या बसची पाटी वाचत.